रवाळ मेण

मुंबईत थंडी पडली की ती सर्वांत आधी तुपाला कळते. डिसेंबरअखेरीस एखाद्या सकाळी बरणी उघडावी तर काल पातळ असलेलं तूप कणीदार झालेलं असतं. चमचा घातला की रवा दाटून आल्यासारखा लागतो. मग दोन-चार दिवसांनी बायका दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन भाजीला निघतात, दूधकेंद्रावरची माणसं कानाला मफलर गुंडाळून उभी राहतात, आणि मुंबईकरांना थंडी म्हणजे काय ठाऊक, असं म्हणणारा पुण्याचा पाहुणाही पहाटे चादर ओढून घेतो. दहा-पंधरा दिवसांचा खेळ. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत कशीबशी रेंगाळते आणि जाते.

हे दिवस खरं तर आवडायला हवेत. पण तूप गोठलं की माझा डावा हात आपोआप उजव्या कोपरावर जातो आणि मी तो झटकन काढून घेते. घरात हे कुणाला माहीत नाही. सांगण्यासारखंही काही नाही. चाळीस वर्षं होऊन गेली. ज्यांना सांगावं ती माणसं राहिली नाहीत, आणि जी आहेत त्यांच्यासाठी संयुक्त महाराष्ट्र हा शाळेच्या पुस्तकातला एक धडा आहे.

लालबागच्या आमच्या खोलीत तेव्हा आम्ही चौघं होतो. सासरे, हे, मी आणि आका. आका म्हणजे ह्यांची थोरली बहीण, नात्याने माझी वन्सं. लग्नानंतर सहा वर्षांत तिचा नवरा गेला, पदरी मूल नव्हतं, आणि ती माहेरी परत आली त्यालाही दहा वर्षं उलटली होती. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या, त्यामुळे घर आकाच्या हाताखाली. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची. आठवते मात्र ती एकेरीतच. उंच, रुंद मनगटांची, चालताना लाकडी जिना वाजवणारी. घरात मालवणी बोलायची, बाहेर अगदी तुटकं. मी गिरगावातली, मॅट्रिक झालेली. पहिले सहा महिने तिचं अर्धं बोलणं मला कळत नसे.

गिरगावात बायकांसाठी एक उद्योगवर्ग चालायचा. शिवण, भरतकाम, मसाले, आणि एका कोपऱ्यात मेणबत्त्या. तो चालवायच्या विजयकरबाई. ठाकुरद्वारच्या जुन्या घरातल्या, चापूनचोपून नेसलेल्या, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेल्या. आका तिथे मेणबत्त्या शिकली आणि घरी करू लागली. स्टोव्हवर मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान डबा, डब्यात पॅराफिनच्या लादीचे फोडलेले तुकडे. पत्र्याचे बारा साचे तिने चाळीमागच्या एका कारागिराकडून करून घेतले होते. साच्यातून वात मधोमध ताणायची, खाली गाठ, वर आडव्या काडीला वळसा. मेणात स्टिअरिनची पूड घालायची, म्हणजे मेणबत्ती पांढरीशुभ्र होते, आतबाहेर एकसारखी, आणि साच्यातून सुळकन सुटते. वर्गात एवढंच शिकवत. कुठे ढग आला, डाग दिसला, की ती मेणबत्ती मोडून परत डब्यात.

सासरे गिरणीत साचेखात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी साचा म्हणजे माग. खिडकीशी बसून ते आकाला डिवचायचे, "माझो साचो कापड विणी. तुझो काय विणता?"

"उजेड," आका म्हणायची आणि चाळणीतून मेण गाळत राहायची.

तो सगळा हिवाळा हरताळ आणि सभांचा होता. बाजार कधी उघडा, कधी बंद. मार्गशीर्षात एकदा स्टिअरिन संपलं आणि आणायला जावं तर दुकानांना कुलपं. आकाने पूड न घालताच एक घाणा काढला, घरात दिवे गेले की लावायला होतील म्हणून. दुसऱ्या दिवशी साचे उघडले आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. मी जवळ गेले. तिच्या हातातल्या मेणबत्तीच्या अंगात फुलं उमटली होती. काही चांदणीसारखी, काही फुटलेल्या लाहीसारखी, एकमेकांत अडकलेली, आणि त्यांच्यामधलं मेण खडीसाखरेसारखं अर्धवट पारदर्शक. उजेडापुढे फिरवलं की आतलं एक फूल दिसेनासं व्हायचं आणि दुसरं वर यायचं.

"ह्या काय झालां?" ती स्वतःशीच म्हणाली.

पूड नव्हती म्हणून झालं असेल, असं आम्हाला वाटलं. तिने पुन्हा पुडीशिवाय घाणा काढला. नुसत्या मळकट, उदास मेणबत्त्या निघाल्या, त्याही साच्याला चिकटलेल्या. पुन्हा केला. तेच. दोन दिवस आका जेवताना गप्प. तिसऱ्या दिवशी सासरे खोकले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी माझां वखद सांडलां थंय. डब्यात. तू ओरडशीत म्हणान बोललंय नाय."

त्यांचं औषध म्हणजे पोट साफ होण्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं पाण्यासारखं स्वच्छ तेल. लिक्विड पॅराफिन. बाटली स्टोव्हवरच्याच फळीवर असायची. आका आधी त्यांच्याकडे पाहत राहिली, मग अशी हसली की शेजारच्या शेवंताबाई डोकावून गेल्या. मी तिला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग सुरू झाले ते खरे दिवस. त्या हिवाळ्यातल्या ह्या काही आठवड्यांबद्दल मला आजही कुणी विचारावं असं वाटतं. तेल जास्त झालं की मेणबत्तीला घाम यायचा, बोटाला ओशट लागायचं. कमी झालं की फुलं नाहीत. आका चमच्याने मोजायची, मी जुन्या वहीत लिहायची. मेण जास्त तापवून ओतलं तर फुलं मोठी येतात हे तिच्या लक्षात आलं. पण एकाच घाण्यातल्या सहा मेणबत्त्यांना फुलं आणि सहांना नुसती रांगोळीची भुकटी, असं का, ते कळेना. एका सकाळी ती तुपाची बरणी घेऊन माझ्यापुढे बसली.

"सुमन, तूप रवाळ कधी होता?"

"थंडीत."

"थंडीत नाय गो. हळूहळू थंड झालां तर. वाटी पाण्यात ठेवून बग, मेणासारखां सपाट होतलां."

दारापासचे सहा साचे वाऱ्याने लवकर थंड होत होते, स्टोव्हकडचे सहा उशिरा. मग आम्ही बाराही साचे एका पत्र्याच्या पेटीत उभे केले आणि भोवती सासऱ्यांची जुनी गोधडी गुंडाळली. रात्रभर त्यांना हात लावायचा नाही, फळी हलवायची नाही, सासऱ्यांनी खोकायचं सुद्धा नाही, अशी आकाची तंबी. सकाळी बाराच्या बारा फुललेल्या.

परवा दादरला एका दुकानात काचेच्या कपाटात तशी मेणबत्ती दिसली. जाड, आखूड, गुलाबी रंगाची, अंगभर पांढरी फुलं. मी विक्रेत्या मुलीला विचारलं, हे कसं करतात गं? ती म्हणाली, "त्यात काहीतरी केमिकल असतं, आजी. मशीनवर होतं." मी हातात घेऊन पाहिली. फुलं बारीक होती. घाईत थंड केलेली. तिला हे सांगून काय उपयोग, म्हणून परत ठेवली.

आकाने चार मेणबत्त्या कागदात गुंडाळून विजयकरबाईंना दाखवायला नेल्या. बरोबर मी होते. बाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हा तर दोष आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही हाच घालवायला शिकवतो." बाईंनी एक मेणबत्ती खिडकीत धरली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण मुद्दाम करता येतो का हो? दर वेळी?"

"येता," आका म्हणाली. मग सावरून, "येतो."

संक्रांतीनंतरच्या रविवारी वर्गाचं प्रदर्शन होतं. बाईंनी तिला तीन डझन करून आणायला सांगितल्या. आणि एवढ्यावर न थांबता म्हणाल्या, की प्रदर्शनानंतर मेणबत्त्यांचा वर्ग तुम्हीच घ्या, सध्याच्या शिक्षिका सोडून चालल्या आहेत. आका पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. प्रदर्शनाला जोडून हळदीकुंकू असायचं.

"मी कशी येव?" ती म्हणाली. "हळदीकुंकवाक माझां काय काम?"

"टेबलामागे उभं राहायला कुंकू लागत नाही," विजयकरबाई म्हणाल्या. "हात लागतात. ते तुमच्याकडे आहेत."

परतताना ट्राममध्ये आका सबंध वाट खिडकीबाहेर बघत होती. लालबागला उतरल्यावर तिने मला अर्धा शेर पेढे घ्यायला लावले आणि कुणी विचारलं तर काही सांगू नकोस म्हणाली.

आता ती गोष्ट, जी मी केली. पौषातली थंडी त्या वर्षी जरा जास्तच होती. गोधडीतसुद्धा मेण लवकर आळायला लागलं आणि फुलं बारीक यायला लागली. आका वैतागली. मला सुचलं, की आमच्या गॅलरीत बारा ते चार ऊन येतं, भिंत तव्यासारखी तापते. साचे दुपारी भिंतीला लावून उन्हात ठेवले तर मेण कितीतरी वेळ कोमट राहील. मी सांगितलं. आकाने मान हलवली, करून पाहिलं, आणि त्या दिवशी निघाल्या तशा मेणबत्त्या पुन्हा कधी निघाल्या नाहीत. रुपयाएवढी फुलं. आका मला म्हणाली, "तुझां डोक्यां चालता हां." त्या घरात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी दिवसभर गाणं गुणगुणत होते.

संक्रांत झाली. तीळगूळ वाटून झाले. दोनच दिवसांनी संध्याकाळी खालच्या इराण्याच्या रेडिओवर बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार. आमच्या चाळीतून एक आवाज उठला. त्याला आरडाओरडा म्हणता येणार नाही. सबंध इमारत एकदम कण्हली, असा. माणसं जिन्यांवरून खाली धावली. हे चपला न घालताच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना आणि आणखी सातजणांना पकडून नेल्याचं कळलं. कुठे, कुणाला सांगता येईना. सासरे दाराशी स्टूल टाकून बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

मग कर्फ्यू, दगड, अश्रुधूर. ओला फडका नाकाला धरून आम्ही खिडक्या लावून बसायचो. परळकडून, कधी भोईवाड्याकडून बार ऐकू यायचे. पहिल्या दिवशी ते फटाके वाटतात. दुसऱ्या दिवसापासून वाटत नाहीत. कुणाकुणाची नावं जिन्यावरून वर यायची. अमक्याचा भाऊ. तमक्या खात्यातला. दूध आणायला गेलेला. पाण्याला उभी असलेली.

ह्या सगळ्यात आका मेणबत्त्या करत होती. लोकांना विचित्र वाटेल, पण घरात बसून राहायचं, भाऊ कुठे आहे माहीत नाही, आणि हात रिकामे, हे तिला सोसणारं नव्हतं. रविवारी प्रदर्शन होणार की नाही, कळायला मार्ग नव्हता. "होऊचा नाय कशावरून?" ती म्हणायची. दोन डझन झाल्या होत्या. तिसऱ्या डझनाचं मेण तिने त्या दिवशी सकाळी वितळायला ठेवलं. दुपार जरा शांत होती. कर्फ्यू दोन तासांसाठी उठला होता, बायका भाजी घेऊन परतल्या होत्या, समोरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं.

"साचे आज बाहेर ठेवूया ना," मी म्हटलं.

"आज नको गो. आत ठेवया. गोधडीत."

"गोधडीत बारीक होतात हो. आणि आज शांत आहे. मी लक्ष ठेवते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पेटी उचलली आणि आम्ही दोघींनी बारा साचे गॅलरीत भिंतीशी ओळीने लावले.

'मी लक्ष ठेवते' असं मी म्हटलं होतं. तासाभराने मी आत चहा करत होते.

तीनच्या सुमारास खाली धावण्याचा आवाज आला. खूप पायांचा. मागून शिट्ट्या. पोरं, माणसं आमच्या चाळीच्या बोळात शिरली आणि जिन्याने वर यायला लागली. दारं धडाधड लागली. माझ्या हातात किटली तशीच. आका ताडकन उठली.

"साचे हालतले," ती म्हणाली. "लाथेन पडतले."

"आका, राहू द्या!"

"तू भायर येव नको. दार लाव."

मी दार लावलं नाही. उंबऱ्यावर उभी राहिले. ती वाकली, पेटी ओढून घेतली, आणि एकेक साचा भराभर न करता, हळू, सरळ धरून आत ठेवू लागली, कारण मेण अजून पातळ होतं. चार ठेवून झाले. पाचव्याच्या वेळी एक टणकारा ऐकू आला. मला वाटलं साचा पडला. मी चिडून म्हणालेसुद्धा, "पाहिलंत? पडलाच." आका उठून उभी राहिली, दोन पावलं चालत आत आली आणि भिंतीला टेकून बसली. उजवा हात मांडीवर असा ठेवला होता, जसा दुसऱ्या कुणाचा असावा. कोपर उरलं नव्हतं.

गोळी कुठून आली, कुणाची, हे कुणी पाहिलं नाही. नंतर पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं.

चौघांनी तिला दाराच्या फळीवर घातलं आणि काठीला पांढरा पंचा बांधून परळच्या इस्पितळात नेलं. सासरे मागून अनवाणी गेले. मला कुणी नेलं नाही. मी खोलीत एकटी होते, जमीन पुसत होते, आणि मधेच दिसलं की पुसताना मी साच्यांना धक्का लागणार नाही अशी वाकडी वाट काढते आहे. त्या वेळी मी पहिल्यांदा रडले.

हात कोपराच्या वर कापला.

चौथ्या दिवशी मी साचे उघडले. का उघडले, सांगता येत नाही. बहुधा ते तसेच ठेवणं अधिक असह्य होतं. गॅलरीत राहिलेल्यांपैकी काही लवंडले होते. आकाने आत आणलेले चार शाबूत होते. वात धरून ओढलं तशा मेणबत्त्या सुटून हातात आल्या. त्यांच्यात फुलं होती. मोठी, शांत, एकमेकांना न चिकटलेली. मी त्या कपाटाच्या तळाशी ठेवल्या आणि वर जुने कपडे टाकले. पुढे घर बदललं तेव्हा त्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या सापडल्या.

पाच आठवड्यांनी हे सुटून आले. गालफडं बसलेली, पण डोळ्यांत एक तेज घेऊन. दारात लोकांनी हार घातला. आत आल्यावर त्यांनी आकाची रिकामी खाट पाहिली आणि मला विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "साचे उचलायला बाहेर गेल्या." हे खरं होतं. ह्याच्या आधीचं वाक्य मी गिळलं. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.

विजयकरबाई इस्पितळात आल्या तेव्हा मी आकाच्या पायाशी उभी होते. प्रदर्शन केव्हाच रद्द झालं होतं. बाई स्टुलावर बसल्या आणि चादरीच्या घड्या सारख्या करत राहिल्या. आकानेच सुरुवात केली. तिचा आवाज खोल गेला होता.

"वर्ग कोण घेता आता?"

"त्याची काळजी नको. तुम्ही बऱ्या व्हा."

"हिका घेवा," आका म्हणाली आणि हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "हिका सगळां येता. लिवन पण ठेवलेला आसा."

मी म्हटलं, "आका, मी नाही..."

"जा," ती म्हणाली. डोळे मिटून.

विजयकरबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. वॉर्डातल्या बायकांनी ऐकलं, चाळीत ऐकलं. काय मन मोठं म्हणायचं, स्वतःचं ताट भावजयीपुढे सरकवलं. मलाही तसंच वाटलं. मी गेले. रोज जेवण आटपून गिरगावात जायची, संध्याकाळी यायची. बायकांना शिकवायची. तेल किती, मेण किती तापवायचं, का घाई करायची नाही. त्या विचारायच्या, ही फुलं येतात कशी हो? मी सांगायची, मेण घट्ट व्हायला लागलं की ते तेलाला बाहेर ढकलतं. पण चहूबाजूंनी घट्ट होत आलं तर तेल जाणार कुठे? ते जिथे अडकतं तिथे फूल दिसतं. बायका म्हणायच्या, अगं बाई, किती छान. शोध कुणाचा? माझ्या वन्संचा, मी सांगायची. मग त्या विचारायच्या, त्या काय करतात आता? तेव्हा मी साचे मोजायला लागायची.

आका घरी आली आणि तिने डाव्या हाताने सगळं नव्याने शिकायला घेतलं. पहिल्यांदा घास तोंडात नेताना भात मांडीवर सांडायचा. मी पुढे झाले की म्हणायची, "ऱ्हवांदे." सहा महिन्यांत ती झाडू मारू लागली, वर्षात भाकरी. परातीला पायाने अडवून पीठ मळायची. माझ्याशी बोलणं नीटच होतं. भाजी काय, पाणी आलं का, सासऱ्यांना बरं वाटतंय का. फक्त मेण घरात आणू देत नसे. "वास येता," म्हणायची. पॅराफिनला वास फारसा येत नाही. मी वर्गातून आले की आधी मोरीवर जाऊन हात साबणाने घासायची, तरीही ती मी जवळून गेले की मान किंचित वळवायची. चार वर्षं मी त्या मानेकडे बघत काढली. ती मला किती देऊन बसली आहे आणि मी तिचं काय घेतलं आहे, ह्याची तोंडमिळवणी मला करता येत नव्हती. कित्येकदा सांगायला तोंड उघडलं. दर वेळी कुणीतरी यायचं, किंवा मीच कुणीतरी यावं म्हणून थांबायची.

आणि मग महाराष्ट्र झाला. मे महिन्यातली ती संध्याकाळ, सगळ्या गॅलऱ्यांना दिव्यांच्या माळा, खाली पटांगणात मांडव. व्यासपीठावर तुरुंगात गेलेल्यांचा सत्कार होता. हे पांढऱ्या शर्टात, गळ्यात हार घालून बसलेले. सासरे पहिल्या रांगेत. मी थोडा वेळ बसले आणि डोकं दुखतं सांगून वर आले.

आका खोलीत एकटीच होती. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ. डाव्या हाताने निवडत होती. खालून कर्ण्यावर हुतात्म्यांची नावं वाचत होते; प्रत्येक नावानंतर क्षणभर सगळं गप्प व्हायचं. आमच्या भागातली नावं आली. काहींना आम्ही दोघी ओळखत होतो. यादी संपली, लोक खाली बसल्याचा आवाज झाला.

"मेले ते लिवले," आका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. भाजी महाग झाली असं सांगावं तसं म्हणाली. "ता बरोबर. पण माझो हात खंय गेलो, ता कोणी लिवन ठेवलां?"

मी तिच्यासमोर खाली बसले. आता कुणी येणार नव्हतं. सगळी चाळ खाली होती.

"आका, त्या दिवशी साचे बाहेर ठेवूया असं मी म्हटलं होतं. तुम्ही नको म्हणत होतात. मी लक्ष ठेवते म्हणाले आणि आत गेले."

तिची बोटं थांबली नाहीत. एक खडा उचलून तिने बाजूला टाकला.

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलू?"

मग सुपातले तांदूळ पसरत, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "म्हणान तर तुका वर्गात धाडलंय. दिसभर डोळ्यांफुडे तू नको व्हतंस माका."

खाली टाळ्या वाजल्या. बहुधा ह्यांना शाल देत होते. चार वर्षं ज्याला मी तिचं मोठं मन समजत होते, ते एका वाक्यात खाली पडलं; आणि नवल असं, की मला छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. तिने मला काही दिलं नव्हतं. मला तिच्यासमोरून घालवलं होतं. हे मला झेपणारं होतं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता सवय झाली."

ती एवढंच म्हणाली. पुढे आम्ही दोघींनी एकोणीस वर्षं एकाच छपराखाली काढली. तिच्या शेवटच्या दुखण्यात तिला उठवणं-बसवणं मीच केलं. त्या दुपारविषयीचं बोलणं पुन्हा आमच्यात निघालं नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तिने सूप माझ्याकडे सरकवलं. "भात लाव. येतले ते आता. भूक लागलेली असतली."

मी तांदूळ पातेल्यात ओतले आणि पाणी घालून धुवायला घेतले. सवयीने बोटांनी चाचपून पाहिलं. त्यात एकही खडा नव्हता.